रिकामा न्हावी

'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही म्हण मी वर्गात ३४ वर्षं वापरली. गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर फुली-गोळा खेळणाऱ्या पोरांसाठी ती राखीव होती. तुंबडी म्हणजे काय, हे एकानंही कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पूर्वी न्हावी नुसती हजामत करत नसत; अंगातलं 'बिघडलेलं' रक्त काढायचं कामही त्यांच्याकडेच असे. पोकळ तुंबडी कातडीवर लावायची, आतली हवा ओढून घ्यायची आणि रक्त बाहेर काढायचं. गिऱ्हाईक नसलं की न्हावीबुवा हात रिकामा नको म्हणून भिंतीचंच रक्त काढायला बसतात, अशी त्या म्हणीतली गंमत. निवृत्त होऊन तीन महिने झाले आणि ती गंमत माझ्या अंगाशी आली. फरक एवढाच, की मी भिंतीला त्रास दिला नाही. स्वतःचंच रक्त काढलं.

तीन महिन्यांत घरातली करण्याजोगी सगळी कामं संपली होती. माळा आवरून झाला, विजेची बिलं सालवार लावून झाली, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवून झाल्या. चिठ्ठ्या बघून बायको शांतपणे म्हणाली, "अहो, हळद मला ओळखू येते." त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातून हद्दपार झालो.

उरला होता फक्त रविवार. दर रविवारी सकाळी अण्णांकडून दाढी करून घ्यायची हा नोकरीतला नेम निवृत्तीतही चालू होता. बाकी सहा दिवस घरचं सेफ्टी रेझर, रविवार अण्णांचा. साताऱ्यात आमच्या पेठेत अण्णांचं दोन खुर्च्यांचं सलून आहे. समोरासमोर दोन आरसे. खुर्चीत बसलं की आपलंच डोकं पुढून-मागून, पुढून-मागून असं अनंतापर्यंत गेलेलं दिसतं. गणिताच्या माणसानं आणखी काय मागावं! कोमट पाण्याचा हात फिरतो, ब्रश गालावर फेस चढवतो, रेडिओवर कुणीतरी हळू आवाजात गात असतं, आणि डोळे आपोआप मिटतात. मला तिथं रात्रीपेक्षा चांगली झोप लागते. अण्णांच्या मते, दाढी करताना गिऱ्हाइकाला झोप लागणं हीच न्हाव्याची पदवी. कागद फ्रेम करून टांगायची गरज नाही, गिऱ्हाईक घोरलं की झालं.

एका रविवारी वीज गेली, पंखा थांबला आणि माझी झोप मोडली. डोळे उघडले तर आरशात एक पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेला इसम मान मागे टाकून, गळा उघडा ठेवून पडलेला. त्या गळ्यावर उघडा वस्तरा. आणि वस्तरा ज्याच्या हातात, तो माणूस दाराबाहेर बघून ओरडत होता, "दोन कटिंग सांग रे!"

मी हललो नाही. हलण्यासारखी परिस्थितीच नव्हती. पण पडल्या पडल्या विचार सुरू झाला. सख्ख्या मेव्हण्याला स्कूटरची किल्ली देताना मी दोनदा विचार करतो. बँकेतली बाई म्हणते 'इथे सही करा', तर मी आधी मागची बाजू वाचतो. आणि गळा? तो मात्र इतकी वर्षं दर रविवारी बिनदिक्कत देत आलो, तोही झोपेत. केसानं गळा कापणाऱ्यांची दखल आपल्या भाषेनं घेतली आहे. केस कापताना गळा न कापणाऱ्यांबद्दल मात्र एक अक्षर नाही.

"अण्णा, हे मला जमेल?"

"काय, सर?"

"हेच. वस्तऱ्यानं स्वतःची दाढी."

अण्णांचा हात थांबला. दोन्ही आरशांतले सगळे अण्णा थांबले. "सर," ते म्हणाले, "सुखाचा जीव दुःखात कशाला घालताय?"

दुसऱ्याच दिवशी मी सलूनचं सामान मिळतं त्या दुकानातून वस्तरा घेऊन आलो.

वस्तरा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर लहानपणीचा येतो. गावात न्हावी घरी येत. काखेत धोकटी, तिच्यात वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, पितळी वाटी आणि एक आरसा. संत सेना महाराजांनी याच हत्यारांना परमार्थाला जुंपून अभंग रचला. आम्हा पोरांना परमार्थ कळत नसे, पण वस्तऱ्याची दहशत मात्र पूर्ण कळे. जाड पाठीचं, भक्कम पोलादी पातं, चामड्याच्या पट्ट्यावर फट् फट् करत पाजळलेलं. एकच पातं सगळ्या आळीला पुरायचं. पुढं नव्वदीच्या दशकात एड्सच्या जागृतीचे फलक लागले, 'दाढी करताना नवीन ब्लेड वापरा' असं जो तो सांगू लागला आणि तो जुना वस्तरा सलूनमधून हळूहळू दिसेनासा झाला. त्याच्या जागी आला तो आजचा: आकार तोच, मूठ तीच, पण पातं दर गिऱ्हाइकाला बदलायचं. आजही अण्णा ब्लेडचं पाकीट माझ्यासमोर धरून म्हणतात, "नवीन हं, सर." मंगलाष्टकांआधी अंतरपाट धरावा तसा तो एक विधी होऊन बसला आहे.

हे ब्लेड म्हणजे घरोघरी असतं तेच साधं दुधारी. ते कागदासकट दोन्ही हातांच्या चिमटीत धरायचं आणि लांबीतून दुमडायचं. ते वाकत नाही. 'टक्' असा कोरडा आवाज येतो आणि सरळ दोन तुकडे होतात. अर्धं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवायचं, खाच मिटायची, उरलेलं अर्धं कागदात परत. जाडी जेमतेम एका मिलिमीटरचा दहावा भाग. पहिल्या दिवशी ब्लेड मोडताना तो 'टक्' ऐकून मला उगाचच आपण फार पुढं गेल्यासारखं वाटलं. दाढीचा निम्मा भाग तर इथंच झाला, असं मनात आलं. उरलेला निम्मा माझ्या तोंडावर होता.

खरं तर याच भीतीतून माणसांची सुटका व्हावी म्हणून लोकांनी काय काय केलं आहे! पॅरिसच्या ज्याँ-जाक पेरे नावाच्या चाकू-सुऱ्या बनवणाऱ्या कारागिरानं १७६९ साली 'स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला' शिकवणारं अख्खं पुस्तक लिहिलं. सुताराच्या रंध्यातून पातं बेताचंच बाहेर डोकावतं, तसं त्यानं वस्तऱ्यालाही लाकडाचं कुंपण घालून पाहिलं. मग आले अमेरिकेतले किंग कॅम्प जिलेट. बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचे फिरते विक्रेते. बूच एकदा उघडलं की फेकून देतात आणि लोक पुन्हा नवं घेतात, हे त्यांनी रोज पाहिलेलं. धार लावायचीच नाही, फेकूनच द्यायची, अशा पात्याचं रेझर त्यांनी काढलं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. ५१! माझ्या आठवी 'ब'चा पट याहून जास्त होता. दुसऱ्या वर्षी मात्र रेझरांचा आकडा ९० हजारांवर गेला. त्या रेझरची खरी करामत धारेत नव्हती. ब्लेड गालाशी किती तिरपं धरायचं, हा निर्णयच त्यानं माणसाच्या हातातून काढून घेतला होता. जिलेटसाहेबांनी सव्वाशे वर्षांपूर्वी उचललेली ती जबाबदारी मी एका सोमवारी सकाळी सव्वासातला परत स्वतःच्या अंगावर घेतली.

वस्तरा कातडीशी साधारण ३० अंशांत धरायचा, एवढं मला कळलं होतं. ३० अंश! हा तर माझा प्रांत. हजारो मुलांना मी तो कोन काढायला शिकवला. कंपासपेटी माळ्यावरून खाली आणली आणि तिच्यातला ३०-६०-९० चा गुण्या काढला. तोंडाला फेस, उजव्या हातात वस्तरा, डाव्या हातात गुण्या. तो गालाला टेकवून वस्तऱ्याची तिरकी रेघ जुळवायचा प्रयत्न चालला होता, तेवढ्यात टॉवेल ठेवायला बायको आत आली. तिनं आरशातल्या माझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कर्ण किती आला?"

घोळ माझ्या लक्षात आला तो नंतर. कोनाला दोन भुजा लागतात. एक भुजा वस्तरा, दुसरी भुजा गाल. वस्तरा सरळ आहे, मान्य. पण गाल कुठं सरळ आहे?

तरीही पहिला हात फिरला तो सुरेख. कानाजवळून खाली आला आणि 'खर्रर्र' असा आवाज झाला, नव्या पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा. मागं स्वच्छ पट्टा. वस्तऱ्याच्या पात्यावर केसांसकट फेसाची जाडसर साय जमा. मला स्वतःचा अभिमान वाटला. दुसरा हात जबड्याच्या कोपऱ्याशी पोचला आणि तिथं काय झालं ते मला कळलंच नाही. या ब्लेडचं हेच. कापलेलं दुखत नाही, दिसतं. हनुवटीच्या बाजूचा पांढरा फेस गुलाबी व्हायला लागला आणि क्षणभर मला महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी-क्रीमची आठवण झाली. मग लक्षात आलं की स्ट्रॉबेरी आपण आहोत.

तुरटीचा खडा फिरवला. तुरटी जखमेवर लागते तेव्हा कातडी आकसते, रक्तातली प्रथिनं गोठतात आणि तोंड बंद होतं, हे शास्त्र. आपलं तोंड मात्र त्याच वेळी उघडतं. आजी गढूळ पाण्याच्या कळशीत हाच खडा फिरवायची आणि पाणी निवळायचं. मी काही निवळलो नाही. त्या आठवड्यात गळ्यापासून वर एकूण सात ठिकाणी तुरटी लागली आणि शेजारच्या काकूंनी हिला बाजूला घेऊन 'घरात सगळं ठीक आहे ना?' असं विचारलं.

रविवारी अण्णांनी माझा चेहरा दोन बोटांनी उजेडाकडे वळवला आणि उत्तरपत्रिका तपासावी तसा तपासला.

"हे टोकानं झालंय. अर्धं मोडलेलं ब्लेड, त्याची दोन टोकं फार वाईट. तिकडं लक्ष ठेवायचं." बोट पुढं सरकलं. "हे आडवं ओढल्यामुळं. भाजी चिरल्यासारखा वस्तरा आडवा सरकला की तो कापणारच, त्याचा काय दोष?" बोट गळ्याशी आलं. "आणि हे... हे दाढी करताना तुमचा फोन वाजला."

मी गप्प. फोन वाजला होता.

"बाकी सगळी जोरानं झालीत," अण्णा म्हणाले. "सर, जोर लावायचाच नाही. वस्तऱ्याला स्वतःचं वजन असतं, तेवढं पुरे. आपण फक्त वाट दाखवायची." मग कपडा झटकत, आरशात माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "आमचा पोरगा सांगायचा, सरांचा हात जड आहे म्हणून."

त्यांचा पोरगा आठवी 'ब'मध्येच होता. आता पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. अण्णांच्या बोलण्यात खोच नव्हती. वस्तऱ्यासारखंच ते बोलणं नुसतं स्वतःच्या वजनानं फिरलं. मलाही कापलेलं लगेच कळलं नाही. घरी येताना चौकात कळलं. बिनपाण्यानं करणं ही आम्हा मास्तरांची खास विद्या, आणि ती मी इतकी वर्षं शिकवण्याचा भाग समजत आलो होतो. पोरं घाबरून गप्प बसली की त्यांना समजलं, असं मी धरून चालायचो.

"फुग्यावर शिका," हा अण्णांचा पुढचा आदेश. न्हाव्याच्या धंद्यात नवशिक्याला असंच शिकवतात: फुगवलेल्या फुग्याला फेस लावायचा आणि फुगा न फोडता वस्तऱ्यानं फेस काढायचा. नातवाच्या वाढदिवसाचे उरलेले नऊ फुगे मी न्हाणीघरात नेले. नातू दारात स्टूल टाकून बसला. सहा फुटले. प्रत्येक फुग्याला तो टाळ्या वाजवायचा आणि म्हणायचा, "आजोबा, अजून एक फोडा ना!" सातवा फुगा अख्खा राहिला तेव्हा तो निराश होऊन आत निघून गेला. शिक्षणाच्या क्षेत्रात मला मिळालेला हा पहिला निर्भेळ विजय, आणि त्याला प्रेक्षक नव्हता.

फुगा चांगला गुरू आहे. तो समजावून सांगत नाही, रागावत नाही. पहिल्याच चुकीला जीव देतो. पण फुगा सगळीकडून सारखा गोल. चेहरा तसा नाही. गालावर तो फुग्यासारखा, जबड्याच्या कडेला एकदम वळणारा, हनुवटीखाली खोगिरासारखा: एकीकडून उंच, दुसरीकडून खोल. १८२७ साली गाउस या जर्मन गणितज्ञानं वक्र पृष्ठभागांबद्दल एक अप्रतिम प्रमेय मांडलं. त्याचं सार असं, की न ताणता, न फाडता गोलाचा पृष्ठभाग सपाट करता येत नाही. म्हणून तर संत्र्याची साल टेबलावर दाबली की फाटते आणि म्हणून सपाट कागदावर पृथ्वीचा बिनचूक नकाशा निघत नाही. कॉलेजात मी या प्रमेयावर चांगले गुण मिळवले होते. त्याचा उपयोग काय, हे मात्र साठीला आल्यावर, तोंडाला साबण लावून उभं असताना कळलं. सालीला ताणणं चालत नाही, कातडीला चालतं! रिकाम्या हातानं कातडी ताणून धरली की तेवढ्या दोन बोटांच्या जागेपुरता का होईना, चेहरा सपाट होतो. सरळ पात्याला सरळ जमीन मिळते. अण्णा गिऱ्हाइकाचं नाक चिमटीत धरून वर करतात, कान मागं ओढतात, कपाळाला अंगठा लावतात, ते सगळं याचसाठी. मी इतकी वर्षं वस्तरा धरलेल्या हाताकडे बघत होतो. दाढी दुसरा हात करत होता.

आणि इथं माझी खरी अडचण सुरू झाली. उजव्या गालाला वस्तरा उजव्या हातात, ताण डाव्या हाताचा. पण डाव्या गालाला? वस्तरा डाव्या हातात घ्यायचा, किंवा उजवा हात नाकावरून पलीकडे न्यायचा. नाकावरून नेला की आपलाच हात आपल्याला आरसा दिसू देत नाही. माझ्या डाव्या हातानं आयुष्यभर डस्टर धरण्यापलीकडे काही केलेलं नाही. उजवं-डावं करायचं नाही, असं मी मुलांना सांगायचो. स्वतःच्या दोन हातांत मात्र मी ते जन्मभर केलं. पहिले काही दिवस डाव्या हातातला वस्तरा थरथरायचा. मग एक नवल दिसलं. डाव्या हातानं कापायचं प्रमाण उजव्याहून कमी! कारण सोपं होतं. उजव्या हाताला आपल्याला येतं असं वाटत होतं. डाव्याला येत नव्हतं, म्हणून तो भीत भीत, हलका फिरत होता.

हळूहळू घडी बसली. आता आधी आंघोळ, मग दाढी. केसात दोन-तीन मिनिटं पाणी मुरलं की तो नरम पडतो. मग केस कुठल्या दिशेनं वाढतात ते बोटांनी चाचपायचं. गालावर खाली, गळ्याच्या उजव्या बाजूला वर, डाव्या बाजूला चक्क आडवे. ३० हून जास्त वर्षं रोज दाढी केली आणि मला हा नकाशा माहीत नव्हता. पहिला हात केसांच्या दिशेनं, मग पुन्हा फेस आणि दुसरा हात आडवा. उलटा हात मी मारत नाही. अण्णांनी परवानगी दिलेली नाही.

मध्यंतरी एक मजेशीर गोष्ट वाचनात आली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करून पाहिली. प्रश्न साधाच: केस ब्लेडच्या पोलादाहून सुमारे ५० पट मऊ, मग ब्लेड बोथट कसं होतं? झिजून होत असेल, असंच कुणीही म्हणेल. तर तसं नाही. कापला जाताना केस वाकतो आणि धारेच्या एखाद्या कच्च्या जागी अशा काही कोनात ढकलतो की पोलादाचा टवकाच उडतो. मी हे वाचून हिला सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "मऊ माणसं वाकून वाकूनच पोलादाचे टवके काढतात, त्याला सूक्ष्मदर्शक कशाला?" आणि माझ्याकडे बघितलं. ३५ वर्षांच्या संसारातले माझे सगळे उडालेले टवके मला एकदम आठवले.

आता सेफ्टी रेझरनं पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला मला अर्धा तास लागतो. वाचतं काय? काही नाही. पण त्या अर्ध्या तासात पेन्शनच्या हप्त्याचा, मेव्हण्याचा किंवा सोसायटीच्या पाण्याचा विचार मनात फिरकत नाही. फिरकला तर त्याची नोंद गळ्यावर होते.

या सगळ्यात एक जुना प्रश्न मात्र मला छळत होता. बर्ट्रांड रसेल यांना १९०१ साली संचांच्या गणितात एक विरोधाभास सापडला. पुढे तो न्हाव्याच्या कोड्यामुळे सगळीकडे पोचला. एका गावात एक न्हावी आहे. जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत, त्या सगळ्यांची आणि फक्त त्यांचीच तो करतो. मग न्हाव्याची दाढी कोण करतं? स्वतः करत असेल तर नियमाप्रमाणे त्यानं करता कामा नये. करत नसेल तर त्यानंच केली पाहिजे. दरवर्षी निरोपसमारंभाआधीच्या तासाला मी हे कोडं घालायचो. पोरं डोकं खाजवायची, मला बरं वाटायचं. खऱ्या न्हाव्याला विचारावं, हे मला कधीच सुचलं नव्हतं.

"अण्णा, तुमची दाढी कोण करतं?"

"समोरचा करतो," अण्णांनी रस्त्यापलीकडच्या सलूनकडे मान वळवली. "रविवारी रात्री दुकान बंद झालं की तो माझी, मी त्याची. २५ वर्षं झाली."

रसेलसाहेबांच्या गावात दुसरा न्हावी नव्हता, एवढाच काय तो घोटाळा.

गेल्या महिन्यात समोरच्या सलूनचं शटर खाली आलं ते वर गेलंच नाही. मुलगा पुण्याला घेऊन गेला, असं कळलं. पुढच्या रविवारी अण्णांच्या गालावर पांढरे खुंट दिसले. त्याच्या पुढच्या रविवारी तर चांगलेच वाढलेले.

"अण्णा, हे काय?"

"करणारा गेला ना."

"मग स्वतः करायची! हातात वस्तरा आहे तुमच्या."

अण्णा ओशाळले. इतक्या वर्षांत मी त्यांना ओशाळलेलं पाहिलं नव्हतं. "स्वतःची नाही जमत, सर. दुसऱ्याचं तोंड समोर असलं की हात आपोआप चालतो. आरशात सगळं उलटं. प्लास्टिकचं रेझर आहे घरी, पण..." त्यांनी गालावरून हात फिरवला. "खुर्चीत बसल्याशिवाय दाढी झाल्यासारखी वाटत नाही."

मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण अण्णांनी दाराचा पडदा ओढला होता, खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातात दिला होता, आणि ते स्वतः खुर्चीत जाऊन बसले होते.

"अण्णा, मला फक्त माझा चेहरा येतो."

"फुगा येतो ना?"

"नऊपैकी तीन!"

"मग झालं तर." त्यांनी मान मागं टाकली.

मी गरम पाण्याचा हात फिरवला. फेस चढवला. पाकिटातून ब्लेड काढून त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणालो, "नवीन हं, अण्णा." कागदात 'टक्' झालं. डाव्या हाताचा अंगठा त्यांच्या कानाखाली ठेवून कातडी वर ताणली. गाल माझ्या गालापेक्षा सैल होता, आत हाड लवकर लागत होतं. माझा नकाशा इथं उपयोगाचा नव्हता. वस्तरा टेकवला. नुसत्या त्याच्या वजनानं.

अण्णांनी डोळे मिटले नव्हते. समोरच्या आरशात, त्यामागच्या आरशात, अनंतापर्यंत रांगेनं बसलेले सगळे अण्णा माझ्या हाताकडे टक लावून बघत होते.

"अण्णा, झोप नाही येत?"

"येईल हो, सर," ओठ न हलवता अण्णा म्हणाले, "तुम्ही आधी श्वास सोडा."